दीपगृहाच्या खालची खोली

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं अक्षरही पदरचं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या ताई गणित शिकवतात. भुताखेतांच्या गोष्टी हसण्यावारी नेणाऱ्या बाई.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती. समुद्राकाठचं एक जुनं दीपगृह.

लाटा उसळल्या होत्या म्हणून किनारा बंद. मग ताई, त्यांचे मिस्टर, कॉलेजात जाणारी लेक आणि ताईंची म्हातारी आई, सगळे दीपगृह बघायला निघाले.

आईला हल्ली विसरायला व्हायचं. सारखा एकच प्रश्न...

"आपली गाडी सुटली नाही ना गं?"

सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर ताईंचा तोल गेला होता. "किती वेळा सांगू? जरा गप्प बस ना."

शेजारची माणसं वळून बघायला लागली. आई मान खाली घालून बसली.

दीपगृहाचा जिना गोल आणि अरुंद. आईला चढवणं शक्यच नव्हतं. खालच्या खोलीत जुना दिवा मांडून ठेवला होता, त्याच्याजवळच्या बाकावर ताईंनी तिला बसवलं. "आलेच," म्हणाल्या. दारातल्या तिकीटवाल्या काकांना लक्ष ठेवायला सांगितलं.

वर भन्नाट वारा होता. खाली निळंशार पाणी. आणि कुणी काही विचारत नव्हतं. कितीतरी दिवसांनी ताईंना मोकळं वाटलं.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला...

"गाडी सुटली नाही ना गं?"

पाठोपाठ दुसरा. एका बाईचा. शांत, मायेचा...

"नाही आई. वेळ आहे अजून."

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. आवाज जराही चढत नव्हता.

"चला, खाली जाऊ," मिस्टर म्हणाले.

"थांबा हो. कुणीतरी भेटलंय तिला. तेवढीच आपली सुटका."

हे वाक्य आठवलं की ताईंना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

लेक मात्र कठड्याशी थिजून उभी होती.

"आई... तो आवाज तुझा आहे."

ताईंनी कान दिला.

"माझी लेक कुठे गेली गं?" खाली आई विचारत होती.

"ती वर मजेत आहे. मी आहे ना..."

अगदी ताईंचाच आवाज.

ताई धडपडत खाली आल्या. शेवटच्या वळणावर बोलणं थांबलं.

खोलीत आई एकटीच. येताना वाऱ्याने विस्कटलेले तिचे केस कुणीतरी नीट विंचरले होते. घट्ट वेणी घातली होती.

"काका, इथे कोण बाई होत्या?"

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुम्हीच तर बसला होतात की इतका वेळ. मी म्हटलं, वर गेलेल्या या खाली कधी आल्या?"

त्यानंतर ताईंनी आईवर कधी आवाज चढवला नाही. रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसतात. पण आईने त्यांना गाडीचं पुन्हा एकदाही विचारलं नाही.

परवा थंडी होती. ताई पांघरूण घालायला वाकल्या, तशी आई अंग चोरून बाजूला सरकली. परक्या माणसाशी बोलावं तशी, अदबीने म्हणाली...

"राहू द्या. माझी लेक येईलच आता."

ताई तशाच उभ्या राहिल्या. पाठीमागे दार उघडं होतं. वळून बघायचं धाडस काही त्यांचं झालं नाही.