दिवस बुडायच्या आत

चहाची रांग असो की देवाची, अनुराधाला एका जागी उभं राहवायचंच नाही! त्या दिवशीही वडिलांच्या तपासणीला आल्यावर बेळगावच्या दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या, आणि जाता जाता एका तरुणाच्या लॅपटॉपवर तिची नजर अडकली.

'रुग्ण १९. वय ५४. निपाणी. हृदय आणि किडनी, एकाच वेळी बदललेली. किडनी नीट चालत राहण्याची शक्यता – ५८ टक्के.'

हे तर आपले आप्पा!

"अठ्ठावन्नच कसे हो?" ती कडाडली.

त्याचा चहा थेट शर्टावर. "अहो... हे तुम्ही बघायचं न्हाई!"

"माझ्या आप्पांचं मी न्हाई तर कोण बघणार?"

तो स्वरूप. कडोलीचा. संख्याशास्त्र शिकलेला, अशा पेशंटांचं पुढं कसं होईल याचा अंदाज बांधणं हेच त्याचं काम. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला... एवढ्या घाबरट माणसाचे डोळे इतके शांत कसे? – अनुराधाला उगाच वाटून गेलं.

"गेल्या महिन्यात ऐंशी होते," तो हळूच म्हणाला. "रक्तातलं औषधाचं प्रमाण सारखं खाली-वर होतंय. गोळ्या चुकतात काय त्यांच्या?"

"एकसुद्धा न्हाई! मी स्वतः हातावर ठेवते."

"मग मला तरी कळंना झालंय."

"छान! मग मी झोपायचं कसं?"

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत तो आकडा तिच्या डोक्यात थयथय नाचत होता. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न! आणि मध्येच ते डोळे... शी! ही काय वेळ आहे?

स्वरूप मात्र रोज फोन करायचा. आप्पा खातात काय, चालतात किती...

"आज काय विचारायचं राहिलं?" ती चिडवायची.

"आज... काहीच न्हाई. असाच केला."

शेवटी डॉक्टरांना विचारून तो निपाणीलाच आला. पावणेसहा वाजले तशी आप्पांनी खुर्चीतूनच हाक मारली, "अनू, पाणी आण गं! दिवस बुडतोय."

त्यांनी गोळी गिळली, गुळणा केला, हात जोडले. स्वरूप घड्याळाकडे बघतच राहिला.

"आप्पा, ही गोळी आठची हाय न्हवं?"

"दिवस बुडल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई घेत मी, पोरा. वाडवडलांपासनं चालत आलंय."

"आणि सकाळची?"

"तिला आठ वाजतात की."

"म्हणजे रात्रीचे चौदा तास, दिवसाचे दहा..." स्वरूपनं कपाळावर हात मारला. "बारा-बारा पाहिजेत हो! फॉर्मवर नुसतं 'गोळ्या नियमित?' असं विचारलंय आम्ही."

"मग? व्हय म्हटलं की," आप्पा म्हणाले. " खोटं हाय काय?"

अनुराधानं गोळ्यांची डबी उचलून पुन्हा बघितली. गोळी पोटात गेली म्हणजे झालं, असंच तिला वाटत आलं होतं! "माझ्याच हातानं दिल्या मी..."

"तुमची चूक न्हाई. रकाना आमचा कमी पडला," तो म्हणाला. अगदी हळू.

डॉक्टरांनी दिवसातून एकदाच, सकाळी घ्यायची गोळी सुरू केली. आप्पांचा नेम राहिला. मग महिनाभर नुसती वाट... अनुराधाच्या येरझाऱ्यांनी ओसरी झिजायची बाकी होती!

आणि एका संध्याकाळी स्वरूप दारात. धापा टाकत.

"सत्त्याहत्तर!"

आप्पा हसले. आईनं डोळ्यांना पदर लावला. "बसा, च्या टाकते," ती म्हणाली.

"च्या नको काकी, जेवायलाच वाढा. दिवस बुडायला आला."

"तुम्हाला हो कसली घाई?" अनुराधानं भुवई उडवली.

त्याचे कान लालेलाल. "महिना झाला... मीबी दिवस बुडायच्या आतच जेवतोय. आई विचारतीय, कुणाचा नाद लागलाय रं तुला?"

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितलं – निपाणीचा."

बाहेर उजेड भराभरा उतरत होता. आई आतून हाका मारत होती. आणि अनुराधा... रिकामं ताट हातात धरून, एका जागी, तशीच उभी!