शालूची बॅग आणि गोव्याचं विमान

"पळा!" श्रुतिका ओरडली आणि सामानाची ट्रॉली सुसाट निघाली.

"अगं, हळू! समोर माणसं आहेत!" आई मागून धापा टाकत म्हणाली.

मस्कतहून येणारं विमान मुंबईत उशिरा उतरलं होतं आणि गोव्याचं विमान काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. तसं घर जवळच, नाहूरला. पण आज घरी जायचंच नव्हतं. मामाच्या शर्मिष्ठाताईचं आज संध्याकाळी गोरज मुहूर्तावर कुडाळला लग्न होतं. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान अकरा वर्षांच्या प्रीतमचा! मस्कतला मावशीकडे सुट्टीभर त्याने स्वतःचेच कान पिळून सराव केला होता. विमान चुकलं आणि रस्त्याने निघालं, तर कुडाळला पोहोचेपर्यंत मांडवातल्या खुर्च्यासुद्धा उचललेल्या असत्या.

"ताई, सामान परत कशाला घ्यायचं? तेच पुढे जाईल ना!" प्रीतम कुरकुरला.

"परदेशातून आलं की सामान इथेच ताब्यात घ्यायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं. बडबड नको, ट्रॉली ढकल!" श्रुतिका म्हणाली. ती त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण रुबाब आजीचा.

बाहेर पडतात तर समोर कुंदाआत्या आणि यज्ञेशकाका! सख्खा भाऊ परदेशातून येऊन घरी न जाताच पुढे जाणार आणि त्याला भेटायचं नाही, हे आत्याला कसं चालेल?

"आत्या, वेळ नाही गं!" प्रीतम म्हणाला.

"गप रे! घावने हाडलंय, विमानात खावा!" आत्याने डबा त्याच्या हातात कोंबला. मग मिठ्या झाल्या, पापे झाले, फोटो झाले. काका ट्रॉलीभोवती घुटमळत होते.

"एवढं ओझं लग्नाला कशाला नेताय? ही धुण्याची बॅग घरी ठेवू ना?"

"हो, हो," बाबा फोनवर बोलता बोलता म्हणाले.

निरोप घेऊन सगळे वरच्या मजल्यावर प्रस्थानाच्या दाराशी पोहोचले, तेव्हा प्रीतमचं ट्रॉलीकडे लक्ष गेलं. "आई, आपल्या दोन मरून बॅगा होत्या ना? एकच दिसतेय!"

आईने घाईघाईने चेन उघडली. आत खजूर आणि मळके कपडे. म्हणजे शालूची बॅग गेली! मावशीने कित्येक महिने बसून त्यावर जरीची फुलं भरली होती. तोच नेसून शर्मिष्ठाताई बोहल्यावर उभी राहणार होती.

"चोरी!" बाबा गरजले. "आधी पोलिसांत जायचं. विमान गेलं तर गेलं!"

"शालूशिवाय मी मांडवात पाऊल ठेवणार नाही," आई म्हणाली आणि तिथेच फुटपाथवर बसली.

वाट लागली! प्रीतमचे डोळे भरून आले. श्रुतिका मात्र मोबाइल काढून खालचे फोटो बघत होती.

"थांबा! या पहिल्या फोटोत ट्रॉलीवर दोन्ही बॅगा आहेत. शेवटच्यात एकच. आणि दुसरी बघा कुठे आहे... काकांच्या पायाशी!"

"बाबा, काकांनी विचारलं तेव्हा तुम्हीच 'हो, हो' म्हणालात!" प्रीतम उसळला.

"मी? मी गोव्याच्या गाडीवाल्याला म्हणालो! तो विचारत होता, एसी हवा का!"

काका गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. आत्याचा फोन सारखा व्यस्त. श्रुतिका नखं खायला लागली. एकेक गाडी येत होती, माणसं उतरून आत जात होती.

"ताई, आत्या आता कुणाशी बोलत असेल?" प्रीतम एकदम म्हणाला. "आपण पोहोचल्याची बातमी ती लग्नघरी देणारच! मामाला लाव!"

मामाने फोन उचलला. मागून दुसऱ्या फोनवर आत्याचा आवाज येत होता, "घावने दिलंय तेंका..."

"मामा! आत्याला सांग, गाडी वळवा! शालू तुमच्या डिकीत आहे!" श्रुतिका म्हणाली.

"काय?" मामा एवढ्या जोरात ओरडला, की आत्याला निरोप परत द्यावाच लागला नाही.

"बाबा, तुम्ही बाकीचं सामान देऊन टाका. काउंटर बंद व्हायला आलं असेल," श्रुतिका म्हणाली. "शालूचं आम्ही बघतो."

बाबा मुकाट्याने आत गेले. नशीब, काका अजून पार्किंगच्या रांगेतच अडकले होते! गाडी वर आली आणि ते बॅग ओढत धावत आले. "अगं, तुझा बाबाच हो म्हणाला..."

"भांडण नंतर! सामान गेलं, शालू आता हातातूनच न्यायचा!" श्रुतिकाने पाठीवरची सॅक उलटी केली. पुस्तकं, शिंपले, टोपी सगळं बॅगेत कोंबलं आणि शालू अलगद सॅकमध्ये ठेवला. "काका, आता न्या ओझं!"

विमानात शिरणारे शेवटचे प्रवासी तेच होते. बाबा खुर्चीत टेकले आणि हळूच म्हणाले, "चुकलं रे माझं. तुम्ही दोघं नसतात, तर आज मी पोलीस चौकीत बसलो असतो." आईने दोघांना जवळ ओढून घट्ट धरून ठेवलं.

संध्याकाळी शर्मिष्ठाताई शालूत अशी दिसत होती की प्रीतम क्षणभर आपलं काम विसरला. मग पुढे होऊन त्याने नवरदेवाचा कान असा पिळला, की तो "आई गं!" करून वाकलाच.

"शाब्बास!" मामाने दोन्ही भाच्यांच्या पाठीवर थाप मारली.

"सोड रे बाबा! काय हवं ते माग!" नवरदेव कळवळला.

"ताईला घेऊन नाहूरला या," प्रीतम कान न सोडता म्हणाला. "पण विमानतळावर भेटून पळायचं नाही हं. घरी यायचं आणि राहायचं!"

शर्मिष्ठाताई हसता हसता रडायला लागली. नवरदेवाने वचन दिलं, तेव्हाच प्रीतमने त्याचा कान सोडला.