रिकामं ठेवलेलं मिनिट

ही घटना खरी आहे. गेल्या डिसेंबरात, रत्नागिरीत, माझ्या मामेबहिणीच्या म्हणजे योगिनीच्या बाबतीत घडलेली. कोणाला खोटी ठरवायची असेल, तर त्यानं आधी मांडवीला येऊन आमच्या मामीसमोर बसावं.

भाट्ये ते पावस रस्त्यावर दरवर्षी सायकलची शर्यत होते. सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाला मिनिटामिनिटानं सोडतात. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला, तो जिंकला. सुटताना मागून एक माणूस सीट धरून उभा राहतो, पाच आकडे उलटे मोजतो आणि हात काढतो. हे काम आत्मारामकाकांचं.

चार वर्षांपूर्वी संदेश नावाचा मुलगा याच शर्यतीत एका वळणावरून खाली गेला. जागीच संपला.

तेव्हापासून त्याचं मिनिट रिकामं ठेवतात. समोर सायकल नसते, तरी काका हात पुढे धरतात, आकडे मोजतात आणि हात सोडतात. कोणी हसत नाही.

या खेपेला योगिनीचा धाकटा भाऊ निलेश उतरला होता. पहिला आला असता, तर राज्याच्या संघात निवड नक्की होती. पोरानं तीन वर्षं दुसरं काही केलं नव्हतं. ऐनवेळी योगिनीनंही नाव दिलं.

"मी पुढे असले की मला गाठायला तो जीव तोडून पळेल," ती म्हणाली.

पण निलेशच्या आधीचं मिनिट नेमकं तेच रिकामं होतं...

"त्या मिनिटाला मी कोणाला धरूचा नाय," काका म्हणाले. "ती त्या पोराची जागा हाय."

"भावासाठीच मागतंय ना काका. तो काय रागावणार हाय?"

शेवटी आयोजकांपैकी विनोदनं तिची सीट धरली. काका हात मागे बांधून लांब जाऊन उभे राहिले.

धुकं होतं. पहिला उतार, त्यावरचं संदेशचं ते वळण, सगळं नीट पार पडलं. मग गोळपचा चढ लागला.

आणि मागून आवाज आला...

टिक टिक टिक टिक.

सायकलच्या मागच्या चाकाचा आवाज. निल्यानं मिनिट भरून काढलं! योगिनीला इतका आनंद झाला की दमलेले पाय हलके झाले. ती डावीकडे सरकली. मागे पाहिलं नाही, कारण मान वळवली की सायकल डगमगते.

"घे निल्या, पुढे घे!"

पण पुढे कोणी आलंच नाही.

टिक टिक टिक टिक... तेवढ्याच अंतरावर.

मग तिच्या एक गोष्ट लक्षात आली. धापेचा आवाज नव्हता. तो चढ चढताना भलेभले फुसफुसतात.

आणि चाक टिकटिकतं ते पाय थांबवल्यावर. पायडल मारत असलं की टिकटिकत नाही.

चढावर पाय थांबवून कोण तिच्या मागे येत होतं?

ती जिवाच्या आकांतानं पावसपर्यंत सुटली. रेघ ओलांडली आणि आवाज बंद झाला. वळून पाहिलं...

रस्ता मोकळा.

निलेशच्या मागचा स्पर्धक आला. त्याच्या मागचाही आला. निलेश आला नाही.

मग फोन आला. त्याच वळणावर स्पर्धकांना इशारा द्यायला झेंडा घेऊन अक्षया उभी होती. ती रडत सांगत होती. निलेश झकास येत होता. मध्येच त्यानं मागच्या कोणाला तरी हातानं खूण केली, जा पुढे म्हणून. वाट द्यायला डावीकडे सरकला, अजून सरकला... आणि खाली गेला.

त्याच्या मागे कोणीही नव्हतं.

योगिनी चढावर हाका मारत होती, तेव्हा तिचा भाऊ खाली काजूच्या झाडीत मरून पडला होता.

महिन्याभरानं तिनं मला एकट्यालाच एक गोष्ट सांगितली. चढावर तिच्या हाकेला मागून उत्तर आलं होतं.

"येतंय गो ताय. थांब जरा."

आवाज निलेशचाच होता.

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, मग तो निल्याच असेल. तुला शेवटचं भेटायला आला असेल.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"निल्या मला कधी ताय बोलला नाय रे. लहानपणापासून नावानंच हाक मारायचा."

मला भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.