पारशिवनीचे पन्नास मैल

नागपूरच्या व्हेरायटी चौकात आमची लँडमास्टर मोटार बंद पडली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि बॉनेटमधून वाफ निघत होती. मागच्या सीटवर पेटी, मृदंग आणि नानाजी. नानाजी म्हणजे माझे वडील. पाचपावलीत माग चालवायचे आणि बोलावणं आलं की गावोगाव कीर्तनाला जायचे. ही जुनी गाडी नरखेडच्या एका संत्र्याच्या बागवाल्याने त्यांना वापरायला दिली होती. नानाजींना दूरचं दिसत नसे, म्हणून चालवायची मी, आणि कीर्तनात पेटी वाजवायची तीही मीच. चौऱ्याहत्तर साली बाईच्या हातात स्टिअरिंग पाहून लोक तसेही थांबत. त्या दिवशी तर सीताबर्डीवर मेळाच भरला.

गर्दीतून खाकी शर्टातला एक जण पुढे आला. बॉनेट उघडून आत पाहत म्हणाला, "चहा उकळून राहिली का तुमची गाडी?"

मी किल्ली मुठीत धरून खाली उतरले.

"फॅनबेल्ट तुटला. मीटर किती झालं?"

"मीटर बंद आहे."

"मग सर्विसिंग कधी करता?"

"बंद पडली की."

त्याने मनगटाने घाम पुसला. "देवाचं नावही असंच घेता काय? अडलं की?"

मला राग आला... पण मागून नानाजी खदखदून हसले. "यमुने, हे पोरगं कीर्तनात घेण्यासारखं बोलते वं."

त्याचं नाव श्रीधर. चौकामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. दर हजार मैलांनी तेल बदलायचं, ब्रेक पाहायचे, ग्रीस भरायचं, असा नेम त्याने घालून दिला. मीटर बंद, मग मैल मोजायचे कसे? ते आमच्या कीर्तनाच्या वहीवरून. तारीख, गाव आणि आख्यान मी तिच्यात लिहून ठेवत असे. नरखेड जाऊन-येऊन शंभर मैल, पारशिवनी पन्नास. हजार भरले की मी गाडी घेऊन हजर.

त्याआधी तो पान्याला हात लावत नसे. एकदा नऊशेलाच गेले, तर परत पाठवलं. "लवकर येऊन पुण्य जास्त नाही भेटत," म्हणाला.

बदललेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून तो मालकाच्या हाती देई. काय झिजलं ते ज्याचं त्याने पाहावं, ही त्याची रीत. गॅरेजमधले सगळे मला ताई म्हणत. तो मात्र कधी म्हणाला नाही. "या, पेटीवाल्या" एवढंच.

काम करता करता विचारायचा, "नरखेडले काय सांगितलं नानाजींनी?" मग मी मडगार्डला टेकून सांगू लागे. देवळातल्या नंदादीपाचं आख्यान त्याला फार आवडायचं. गावातली एक म्हातारी रोज त्या दिव्यात तेल घाली, जळालेली वात काढून नवी लावी. ती गेली, तिची सून घालू लागली. वाती किती बदलल्या कोण जाणे... उजेड तोच. मी सांगत असे आणि गाडीखालची ठोकठोक थांबलेली असे.

"पुढचं कीर्तन कुठे?" जाताना तो विचारी. "मैलाचा अंदाज असलेला बरा."

अशी तीन वर्षं गेली.

मग त्या माघात नानाजींचा गळा बसला तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, आता कीर्तन नाही. नानाजी दोन दिवस मागावर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सोमवारी गाडी नरखेडले देऊन ये, पोरी. आपल्याले आता काय कामाची?"

मी वही काढली. साडेनऊशे भरले होते. एकादशीचं पारशिवनीचं कीर्तन ठरलं होतं, पण गळ्यामुळे झालंच नव्हतं. मी पेन उघडलं. आयुष्यात त्या वहीत खोटं लिहिलं नव्हतं... लिहिलं. एकादशीची तारीख, पारशिवनी, नंदादीप.

श्रीधरने वही पाहिली. तेल बदललं, ब्रेकचं लायनिंग बदललं. शेवटी त्या ओळीपाशी बोट नेलं, कागदाला काळं लागू नये म्हणून वरच धरलं.

"नंदादीप सांगितला?"

"हो."

"रंगला?"

"...हो."

त्याने वर्तमानपत्राची पुडी माझ्या हातात दिली. "पाहून घ्या."

आत झिजून पातळ झालेलं लायनिंग होतं. आणि त्याच्यावर एसटीचं तिकीट. नागपूर ते पारशिवनी.

माझे कान तापले.

"देवळात बसून होतो," तो म्हणाला. "पुजारी म्हणे, महाराजाचा गळा बसला, घरी जा बापा."

"तुम्ही काहून गेले होते?"

"दर कीर्तनाले जातो. मागच्या खांबाजवळ बसतो. पेटी तिथून बरी ऐकू येते." मग हळूच, "तुम्ही काहून लिहिलं?"

मी तिकिटाकडे पाहत राहिले. "पन्नास मैल कमी पडत होते... आणि सोमवारी गाडी परत जाते."

बराच वेळ तो चिंधीने हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते.

"लायनिंग झिजलं तर गाडी फेकत नाही कोणी," तो म्हणाला. "नानाजींचा गळा थकला. कीर्तन कुठं थकलं? तीन वर्षं तुम्ही इथं उभ्यानं सांगून राहिल्या."

"ते तुमच्यापुरतं."

"मग आता पारशिवनीपुरतं सांगा."

घरी जाऊन मी नानाजींना सगळं सांगितलं. खोटी ओळ दाखवली. तिकीटही. ते ओळीवरून बोट फिरवत राहिले. मग उठून खुंटीवरचं उपरणं काढलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "देवाच्या वहीत उधारी नको ठेवू, पोरी. फेडून ये."

सोमवारी गाडी नरखेडला गेली नाही. पुढच्या एकादशीला तिच्यातूनच आम्ही पारशिवनीला निघालो. सीताबर्डीवर एसटीच्या रांगेत श्रीधर उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. मी गाडी हळू केली. नानाजींनी काच खाली केली.

"काय गा, आमच्या गाडीचं सारं अंतरंग तुले ठाऊक, अन् तू एसटीनं जातं? बस समोर."

तो माझ्या शेजारी बसला. कोराडी आली तेव्हा त्याने इंजिनाकडे कान दिला. "बरी चालून राहिली."

"कोण?"

"दोघी."

त्या दिवशी मी पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहिले, आख्यान नंदादीपाचं. नानाजींनी घोगऱ्या आवाजात ध्रुवपद धरलं. मागच्या खांबाजवळ नव्हे, पहिल्या रांगेत एक जण टाळ धरून बसला होता. त्याचा ठेका चुकत होता.

परतताना वही त्याच्या मांडीवर होती. पारशिवनीची ओळ त्याने खोडली नाही. जुनी तारीख काढून आजची घातली आणि पुढे लिहिलं : मैल पन्नास, खरे.