ओळखीच्या मजकुरावरून उडी

हेमांगी दाणीच्या कचेरीत आता बोटं हलत नसत. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी असे. कळ दाबायचा नुसता विचार केला, की मेंदूकडून बोटाकडे निघालेला संदेश पट्टी वाटेतच पकडी आणि पडद्यावरचा कर्सर हाले. अशा न दाबलेल्या कळीला सगळे 'मनकळ' म्हणत.

हेमांगीचं काम साक्षींच्या नोंदी तपासण्याचं. कर्सर शब्दाशब्दाने सरके, ओळीओळीने उतरे; ते तिला पुरेना. तिने सेटिंगमध्ये जाऊन स्वतःची मनकळ बसवली : करंगळी आवळल्याचा विचार आला, की ओळखीचा मजकूर ओलांडून कर्सर थेट परिच्छेदाच्या शेवटी. वर्षभरात तिच्याइतकं भराभर तपासणारं कचेरीत कुणी उरलं नाही.

शनिवारी सकाळी तिचा नवरा गिरिधर बाजारातून एक पांढरी पाटी आणि दोन पेनं घेऊन आला.

"हे कशाला?"

"अगं, सोमवारनंतर लिहूनच बोलायचंय ना मला."

तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थबकला. "हेमा, बुधवारी चहा पिताना सगळं सांगितलं तुला."

तिला आठवलं : 'डॉक्टरांकडे जाऊन आलो.' मग : 'म्हणून सोमवारी रजा टाक.' मधलं काहीच नव्हतं.

"घशात गाठ आहे," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "स्वरयंत्र काढणार आहेत."

ती तशीच रिक्षा करून पट्टी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या डॉ. नसीम मुजावर यांना तिने सगळं सांगितलं.

"पट्टी आत्ता काढून फेकते," हेमांगी म्हणाली.

"फेका. पण बिघाड पट्टीत नाही. मजकुरातून वाट काढणाऱ्या पेशीच माणसाच्या बोलण्यातूनही वाट काढतात. दिवसाला चार हजार वेळा तुम्ही एकच उडी मारलीत. रानातून रोज गेलं की पायवाट पडते, तशी ती मेंदूत पडली."

"बुजेल ना?"

"बुजेल. सहा-आठ महिन्यांनी."

"माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे हो! आणि तुमच्याशी बोलताना होत नाही. त्याच्याशीच का?"

डॉक्टरांनी नजर खाली वळवली. "मी तुम्हाला परकी आहे. मेंदूला जे पाठ आहे असं वाटतं, तेच तो ओलांडतो. लग्नाला किती वर्षं झाली?"

"बावीस."

रविवारी चार वाजता दोघं गॅलरीत बसली. तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, तसं गिरिधरने ते बंद केलं.

"मशीनला नाही सांगायचं, हेमा. तुला सांगायचंय."

तिने डाव्या मुठीत उजवी करंगळी घट्ट धरली, त्याच्या ओठांवर डोळे रोखले, प्रत्येक शब्द मनात पुन्हा म्हणायचं ठरवलं.

गिरिधर घसा खाकरून म्हणाला, "आपण पहिल्यांदा भेटलो ना, तेव्हा मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो…"

"…एवढंच. आता मोकळं वाटतंय."

समोरच्या इमारतीत दिवे लागले होते. गिरिधरचे गाल ओले होते. तिचा हात त्याच्या हातात होता; तो कधी धरला, तिला ठाऊक नव्हतं.

"माफ केलंस ना?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"केलं," हेमांगी म्हणाली.