चुकलेली हाक

खरं तर मी पापडाच्या जाहिरातीला आवाज द्यायला गेले होते. अंधेरीतल्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सगळी दारं सारखीच. मी भलतंच उघडलं. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला पोरगा मान वर न करता म्हणाला, "उशीर केलात मॅडम. माइकसमोर उभ्या राहा आणि किंचाळा."

मला असा राग आला... मी किंचाळलेच.

त्याचा कटिंग चहा शर्टावर सांडला. दिग्दर्शिका माधुरी मॅडम मात्र खूश. पापड राहिले बाजूला, आणि 'विहिरीतली' नावाच्या भुताच्या सिनेमात हडळीचा आवाज मी झाले. सिनेमा चालला, मग दुसरा भाग आला, तिसरा... आता पाचवा. पडद्यावर केस सोडून फिरणारी बाई दरवेळी नवी, आवाज माझाच. आणि काचेपलीकडे तोच — विपुल, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला.

तो बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते हेडफोनमधून थेट माझ्या कानात. "संघमित्रा, जरा जवळ ये ना माइकच्या." मेला, एवढंच! पण मुलुंडला घरी पोचेपर्यंत मी तेच घोळवत बसायचे. सिनेमा चालावा म्हणून निर्मात्याचा नसेल एवढा माझा जीव टांगणीला लागायचा. नाही चालला तर पुढचा भाग कुठला, आणि विपुल तरी कुठला?

पाचव्या भागात मॅडमनी हडळीला मुक्ती दिली. म्हणजे खेळ खल्लास. विपुल हैदराबादला नोकरी घेतोय, तेही मला चहावाल्याकडून कळलं. मला का सांगेल म्हणा... मी कोण त्याची?

शेवटचं दृश्य. विहिरीत उतरताना हडळ राघवला, तिचा जीव जडलेल्या माणसाला, शेवटची हाक मारते. मॅडम म्हणाल्या, भीती नको, ओढ हवी. मी डोळे मिटले.

"विपुऽऽल..."

वाट लागली! भुताच्या हाकेला ओ द्यायची नसते. आमच्या सिनेमांत ज्यानं दिली, तो विहिरीत गेलाय. विपुल मान खाली घालून बटणांशी चाळा करत होता. मग कानात त्याचा आवाज आला.

"ओ."

मॅडमना एकदम चहा आठवला, त्या बाहेर गेल्या. विपुल पहिल्यांदाच काचेच्या माझ्या बाजूला आला. हेडफोनशिवाय त्याचा आवाज केवढा लहान होता.

"परवा निघतोय," तो म्हणाला. "वाट बघत होतो, कामाशिवाय तू काही बोलशील..."

"मग तू का नाही बोललास रे?"

"तुझा आवाज ऐकला की माझं राहूनच जायचं."

मला रडूही येत होतं आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं. "मला तू हवा आहेस," मी म्हणाले. "हैदराबादला जा, कुठंही जा. पण हवा आहेस."

त्यानं माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

मॅडमनी दारातून डोकावून विचारलं, राघवच्या नावाची हाक तेवढी उरकायची का? ती मारली की काम संपणार होतं, आणि विपुल जाणार होता. मी माइकसमोर उभी राहिले. तो काचेपलीकडे जाऊन बसला, त्यानं मान हलवली... आणि त्या राघवचं नाव काही केल्या माझ्या तोंडातून निघेना.