बाबांच्या फोनवर उमटणारी नावं

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर शेवट तरी बरा केला असता.

गेल्या नाताळची आदली संध्याकाळ. फिनलंडमध्ये, हेइनावेसीजवळ, तळ्याकाठचं आमचं घर. घरात दोघंच. मी आणि माझे बाबा, ओइवा.

मी सिर्पा. ताम्पेरेच्या एका शाळेत गणित शिकवते. भुताखेतांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरत नसे.

तेव्हापर्यंत तरी.

बाबांना ऐकू येत नाही. कान गेले ते गेलेच. पण त्यांच्या फोनवर एआयचं एक ॲप आहे. कुणी बोललं की ते ऐकतं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतं. आवाज एकदा ओळखीचा करून दिला की कोण बोललं त्याचं नावही पुढे येतं.

आवाज ओळखीचे करून दिले होते आईनं. हेल्वीनं. एक तिचा, एक माझा.

आई मार्चमध्ये गेली. तिचा आवाज फोनमध्ये तसाच राहिला. तो पुसायला ना बाबांचा हात धजला, ना माझा.

मग थंडीच्या तोंडावर त्या ॲपची नवी आवृत्ती आली. आता म्हणे, नीट ऐकू आलं नाही तर मधले शब्द ते अंदाजानं भरणार. बाबा खूश. मी म्हटलं, चला, आता यंत्रंही पदरचं घालून सांगायला लागली.

आमच्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी सौना, म्हणजे अंगणापलीकडची वाफेच्या आंघोळीची खोपी, तापवतात. पण आंघोळी उरकायच्या अंधार पडायच्या आत. त्यानंतरची वाफ आपली नसते. ती गेलेल्या माणसांची. दगड गरम ठेवायचे, बादलीत पाणी ठेवायचं आणि निमूट निघायचं. परत तिकडे फिरकायचं नाही. आई याबाबतीत फार कडक होती.

त्या दिवशी मलाच पोचायला उशीर झाला. रस्ताभर बर्फ. आम्ही सौनातून बाहेर आलो तेव्हा चांगलंच अंधारलं होतं.

घरात आल्यावर बाबा खिसे चाचपायला लागले. फोन सौनातच राहिला होता, कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता तिकडे जायचं नाही. सकाळी आणू."

सकाळपर्यंत काय खाणाखुणा करत बसायचं? मी बूट चढवले आणि निघाले.

अंगणात कसलाच आवाज नव्हता. वारासुद्धा नाही.

सौनाच्या दाराशी पोचले आणि...

चुर्रर्र...

आतल्या खोलीत तापल्या दगडांवर कुणीतरी पळीभर पाणी टाकलं होतं.

मी थांबले. छपरावरचा बर्फ वितळून ठिबकला असेल, म्हटलं.

पुन्हा... चुर्रर्र...

बाहेरच्या खोलीत शिरले. दिवा लावायचं सुचलंच नाही, कारण बाकावर फोनचा पडदा उजळला होता. त्यावर एक ओळ.

हेल्वी: दार लाव. वाफ जाते.

कुणी बोललं नव्हतं. देवाशप्पथ सांगते, मला एक शब्द ऐकू आला नव्हता.

फोन उचलला आणि पळाले. हसाल मला, पण निघताना दार मात्र लावून घेतलं.

बाबांना काही सांगितलं नाही. ती ओळ पुसली, फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि ताटं वाढली. तांदळाची खीर मी केली होती. ती थोडी बुडाला लागली होती, म्हणून वरवरची वाढली. बाबांना कळणारही नव्हतं.

बाबांनी फोनकडे पाहिलं... आणि हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

मी वाकून पाहिलं.

हेल्वी: खीर लावलीस ना बुडाला?

भीती वाटली की मी चिडते, तशी चिडले. म्हटलं, बाबा, हे यंत्र आहे. आईची शेकडो बोलणी यानं ऐकली आहेत, त्यातूनच काहीबाही जुळवून लिहितंय. तो अंदाज आहे नुसता. आई नाही.

बाबांनी माझं सगळं बोलणं पडद्यावर शांतपणे वाचलं.

मग म्हणाले, "पोरी, तुझं बोलणंही मला इथंच दिसतं. हेल्वी खोटी म्हणू, तर तुला खरी कशावरून म्हणू?"

मी त्यांच्या ताटात अजून एक पळी खीर वाढली.

जेवणं झाली. मी ताटं धूत होते. मागे खुर्ची सरकली. वळून पाहिलं तर बाबा बूट चढवत होते. टेबलावर फोन उजळलेला.

हेल्वी: ओइवा, ये. भोकाशी उभी आहे.

तळ्यात आमचा एक लाकडी धक्का आहे. त्याच्या टोकाशी दरवर्षी बर्फाला भोक पाडायचं आणि सौनानंतर त्या पाण्यात एक डुबकी मारायची. आई-बाबांची ही जोडीनं डुबकी कधी चुकली नव्हती. पण यंदा भोक पाडलंच नव्हतं. थंडी उशिरा पडली होती. बर्फ इतका कच्चा की कुत्रंही त्यावर पाय ठेवत नव्हतं.

मी धावत त्यांच्यासमोर उभी राहिले. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "बाबा, जाऊ नका. बर्फ कच्चा आहे. तिथे कुणी नाही."

त्यांनी फोन उचलला. वाचलं.

त्यांचा चेहरा निवळला. मान डोलावली, माझ्या गालावर थोपटलं आणि फोन खिशात टाकून सरपणाच्या खोलीकडे गेले.

पटलं बिचाऱ्यांना. माझा जीव भांड्यात पडला. चुलीसाठी लाकडं आणायला गेले असतील, असं वाटलं. मी पुन्हा ताटांकडे वळले.

मग मागचं दार वाजलं.

खिडकीतून पाहिलं... कंदील तळ्याच्या दिशेनं चालला होता.

कशी धावले, मला माहीत नाही. हाका मारत होते. ज्याला ऐकू येत नाही त्याला हाका मारत होते. बाबा धक्क्याच्या टोकाशी पोचले होते. एक पाय खाली सोडला होता.

बर्फ करकरला.

मी मागून त्यांची कॉलर धरली आणि दोघंही फळ्यांवर आडवे झालो. कंदील खाली पडला, बर्फ फोडून सरळ आत गेला.

बाबा रागावले होते. रागावण्यापेक्षा, दुखावले होते.

"अडवतेस कशाला? तूच तर म्हणालीस!"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी घरात बोलले होते त्याच जागी, माझ्याच नावापुढे...

सिर्पा: जा बाबा. बर्फ पक्का आहे. आई वाट बघतेय.

त्या रात्री मी आईचा आवाज फोनमधून पुसला. माझाही. फोन बंद करून कपाटात कोंबला. ॲपवाल्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. अंदाज चुकू शकतो, महत्त्वाचं बोलणं असेल तर खात्री करून घ्यावी.

कुणाकडून करायची?

आता मी बाबांशी पाटी-खडूनं बोलते. रजा काढून इथेच राहिले आहे. लिहिलेलं प्रत्येक वाक्य बाबा वाचतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. पूर्वी असं बघत नसत. फार लागतं ते मनाला.

परवा कॉफी पिताना ते मध्येच म्हणाले, "एक विचारू? खरं सांगशील?"

मी मान डोलावली.

"हेल्वीला पोचवून आपण गाडीतून परत येत होतो. तू गाडी चालवत होतीस. तेव्हा फोनवर तुझ्या नावापुढे आलं होतं, 'बाबा, आता तुम्हाला एकटं ठेवणार नाही.' त्या शब्दांवर मी वर्ष काढलं. ते तूच म्हणाली होतीस ना?"

मी त्या गाडीत एक शब्दही बोलले नव्हते. रडू आवरत होते फक्त.

आणि हा मार्च होता. अंदाज बांधणारी आवृत्ती तेव्हा आलीच नव्हती. तेव्हा ते ॲप जे ऐकू येईल तेवढंच लिहायचं.

बाबा माझ्याकडे बघत होते.

मी पाटीवर लिहिलं, 'हो. मीच.'

ते लहान मुलासारखे हसले आणि माझ्या कपात कॉफी ओतायला लागले. मी पाटी पुसून टाकली.

एकटं ठेवणार नाही, हे कबूल केलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. आणि तो शब्द पाळायला ते एकदा येऊन गेलं आहे.

तळ्यावरचा बर्फ अजून वितळलेला नाही. मागच्या दाराला मी कुलूप लावते आणि किल्ली उशाशी घेऊन झोपते.